डालग्याच्या विणीतले इलेक्ट्रॉन

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला घन पदार्थांचं भौतिकशास्त्र शिकवताना अतिवाहकतेचा धडा अगदी शेवटी येतो. तोवर सत्र सरत आलेलं असतं, तासगाव-मिरज पट्ट्यातल्या मुलांच्या घरी द्राक्षं उतरवायची घाई असते, वर्ग अर्धा रिकामा असतो. मग जेवढे तास हाताशी असतील तेवढ्यात सगळं उरकायचं. १९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ओन्स यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झाला. हीच अतिवाहकता. १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी त्याचं कारण सांगितलं: स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, आणि या जोड्या न अडखळता वाहतात. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना सिरॅमिकमध्ये अतिवाहकता सापडली. एवढं लिहून मुलं पेन खाली ठेवतात. विषय पूर्ण झाला असं त्यांना वाटतं, आणि तेच मला सलतं.

मला इथे ज्या पदार्थांबद्दल, कागोमे अतिवाहकांबद्दल, लिहायचंय ते २०१९ मध्ये पहिल्यांदा जगासमोर आले. त्यांच्याविषयीचे मूळ प्रश्न अजून सुटलेले नाहीत. चांगल्या चांगल्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. गेली काही वर्षं मी हे वाद सांगलीत बसून, जमेल तसे शोधनिबंध मिळवून वाचते आहे, आणि आपल्या मुलांना हे कळायला हवं असं मला फार वाटतं.

सुरुवात बांबूपासून करू. आपल्याकडे कोंबड्या झाकायला डालगं असतं, त्याची वीण आठवा. दुरडीची वीण घट्ट, उभ्या-आडव्या कामट्यांची. डालग्याची मोकळी. तीन दिशांनी कामट्या येतात, एकीवरून, एकीखालून जातात आणि मधे षटकोनी भोकं राहतात. प्रत्येक षटकोनाच्या सहा बाजूंना सहा छोटे त्रिकोण. आठवडी बाजारात एका बुरूड मावशींना हे विणताना मी बराच वेळ पाहत बसले होते. "मावशी, चौकोनीच विणलं तर?" असं विचारल्यावर त्या हात न थांबवता म्हणाल्या, "चौकोन सरकतोय, ताई. हे जागचं हलत न्हाई." बरोबर आहे. दोन दिशांच्या कामट्या एकमेकींवरून घसरून तिरक्या होऊ शकतात. तिसरी दिशा आली की तिघी एकमेकींना अडवून धरतात.

आता जिथे दोन कामट्या एकमेकींना ओलांडतात त्या प्रत्येक जागी एक अणू आहे असं समजा. ही झाली कागोमे जाळी. हे नाव जपानमधल्या अशाच विणीवरून आलं. तीन दिशा असल्यामुळे ओलांडण्याच्या जागाही तीनच प्रकारच्या होतात: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी आणि तिसरी-पहिली. म्हणजे अणूंचेही तीन गट पडले. प्रत्येक अणूला चार शेजारी, आणि प्रत्येक अणू दोन त्रिकोणांचा सामाईक कोपरा. एवढं डोळ्यांसमोर आलं की पुढचं बरंचसं कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही पडताळून पाहता येईल.

१९५१ साली ओसाका विद्यापीठातल्या इचिरो शोजी यांनी या जाळीवर चुंबकांचं गणित मांडलं. प्रत्येक अणू म्हणजे एक छोटा बाण, वर किंवा खाली. नियम असा की शेजाऱ्याच्या उलट दिशा धरायची. चौकोनी जाळीत हे सहज जमतं. त्रिकोणात पहिला वर, दुसरा खाली, मग तिसऱ्याने काय करायचं? त्याने काहीही केलं तरी एका शेजाऱ्याशी नियम मोडतोच. तीन बाणांच्या आठ रचनांपैकी सहा रचना सारख्याच ऊर्जेच्या निघतात आणि कुठलीही एक जिंकत नाही. कागोमे जाळीत असे त्रिकोण फक्त कोपऱ्यांनी जोडलेले असल्यामुळे एका त्रिकोणाच्या निवडीने शेजारच्या त्रिकोणावर फारसं बंधन पडत नाही. बाण पूर्ण स्वैर असताना दर अणूमागे जेवढी एंट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) असते, तिच्यातली सुमारे ७२ टक्के केवल शून्य तापमानालाही शिल्लक राहते. साध्या त्रिकोणी जाळीत हाच आकडा ४७ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे कितीही थंड करा, ही जाळी ठरवतच नाही.

इलेक्ट्रॉनांचं वागणं याहून सुंदर आहे, आणि त्यावर मी वर्गात मुद्दाम रेंगाळते. कागोमे जाळीतला एक षटकोन घ्या. त्याच्या सहा कोपऱ्यांवर एका इलेक्ट्रॉनची लहर पसरली आहे, पण चिन्हं आलटून पालटून: अधिक, उणे, अधिक, उणे, अधिक, उणे. या इलेक्ट्रॉनला षटकोनाबाहेर पडायचं असेल तर लगतच्या त्रिकोणाच्या बाहेरच्या टोकावर जावं लागेल. ते टोक षटकोनाच्या दोन कोपऱ्यांना लागून आहे. एका कोपऱ्यावरून तिथे अधिक लहर येते, दुसऱ्यावरून तेवढीच उणे. बेरीज शून्य. सहाही टोकांवर हेच घडतं. इलेक्ट्रॉन षटकोनातच राहतो. भिंत कुणी बांधलेली नाही, अशुद्धी नाही, बाहेरून कुठलं क्षेत्र लावलेलं नाही. केवळ जागांच्या मांडणीने त्याला थांबवलं.

अशा अडकलेल्या अवस्था प्रत्येक षटकोनात शक्य असतात आणि सगळ्यांची ऊर्जा एकच. ऊर्जेचा आलेख काढला तर तो आडवा, सपाट पट्टा दिसतो. एरवी धातूतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगात असतात की त्यांची आपसातली ओढाताण दुय्यम ठरते. सपाट पट्ट्यात वेगच नाही, त्यामुळे एकमेकांना दूर लोटणं हेच मुख्य होऊन बसतं. याच आलेखात आणखी एक महत्त्वाची जागा असते. बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ लिऑन व्हॅन होव्ह यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलेल्या या जागेत अगदी थोड्या ऊर्जेत खूप अवस्था गोळा होतात. कागोमे जाळीत असे तीन बिंदू येतात. आणि गंमत अशी की त्यांपैकी एका ठरावीक जातीच्या ठिकाणी प्रत्येक बिंदूवरचा इलेक्ट्रॉन मघाच्या तीन गटांपैकी एकाच गटाच्या अणूंवर सापडतो. २०१२ मध्ये कीझल आणि थोमाले यांनी याचा अर्थ उलगडला: वेगवेगळ्या बिंदूंवरचे इलेक्ट्रॉन एकाच अणूवर क्वचितच समोरासमोर येतात, म्हणून शेजारच्या अणूंवरच्या इलेक्ट्रॉनांमधलं आकर्षण-प्रतिकर्षण निर्णायक ठरतं. इथून अनेक वाटा फुटतात. चुंबकत्व येऊ शकतं, विद्युतप्रभाराची नवी नक्षी बसू शकते, नेहमीपेक्षा वेगळी अतिवाहकता येऊ शकते. आणि या सगळ्यांच्या ऊर्जांमध्ये फरक अगदी थोडा.

वेगळी म्हणजे कशी, हे इथे सांगायला हवं. १९५७ च्या सिद्धांतात जोडी जमवणारा दुवा म्हणजे जालकाची (अणूंच्या जाळीची) कंपनं, आणि जोडी सगळ्या दिशांनी सारखी. दुवा दुसराच असेल, किंवा जोडीच्या लहरीचं चिन्ह दिशेनुसार बदलत असेल, किंवा अतिवाहक होताना पदार्थ एखादी जादा सममिती (काही फिरवलं-उलटवलं तरी सगळं तसंच राहणं) मोडत असेल, तर ती अपारंपरिक अतिवाहकता. कधीकधी जुना सिद्धांत अगदी साध्या मूलद्रव्यातही तोकडा पडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ केल्विनच्या सुमारे दोन हजाराव्या भागापर्यंत, ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत थंड करून त्यात अतिवाहकता दाखवली. बिस्मथमध्ये वाहक इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात की नेहमीचं स्पष्टीकरण तिथे लागू पडत नाही. हे काम आपल्या राज्यात झालं, हे मी प्रत्येक वर्गाला सांगते.

कागोमे जाळीचं गणित अनेक वर्षं तयार होतं, पण हे सगळं ज्यात पाहावं असा स्वच्छ पदार्थ हाताशी नव्हता. २०१९ मध्ये ब्रेंडन ऑर्टिझ आणि सहकाऱ्यांनी तीन भावंडं एकदम समोर आणली. प्रत्येकात तीन अणू व्हॅनेडियमचे आणि पाच अँटिमनीचे. सोबत एक अणू पोटॅशियम, रुबिडियम किंवा सीझियम. व्हॅनेडियमचे अणू नेमके डालग्याच्या विणीत बसलेले, थरावर थर. स्फटिक चकचकीत, षटकोनी पापुद्र्यांसारखे, सोलता येणारे. पुढच्याच वर्षी सीझियमवाला २.५ केल्विनला अतिवाहक होतो असं दिसलं. पोटॅशियम आणि रुबिडियमवाले एक केल्विनच्याही थोडे खाली.

पण त्याच्या कितीतरी आधी, बऱ्याच वरच्या तापमानाला, या पदार्थांत दुसरंच काही घडतं. सीझियमवाल्यात ९४ केल्विनला, पोटॅशियमवाल्यात ७८ ला आणि रुबिडियमवाल्यात १०० च्या जरा वर इलेक्ट्रॉनांचा प्रभार सगळीकडे सारखा न राहता एका नव्या नक्षीत गोळा होतो. व्हॅनेडियमचे अणू जागेवरून किंचित सरकतात आणि नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा थरातल्या दोन्ही दिशांनी दुप्पट होतो. याला चार्ज डेन्सिटी वेव्ह म्हणतात. अतिवाहकता जन्मते ती या नक्षीच्या पोटात. दोघींचं एकमेकींशी पटत नाही. सीझियमवाल्या स्फटिकावर सुमारे २ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या वीस हजार पट दाब दिला की नक्षी विरते आणि अतिवाहकतेचं तापमान ८ केल्विनच्या आसपास चढतं. तेही सरळ चढत नाही. एकदा चढतं, मधे उतरतं, पुन्हा चढतं. हा मधला उतार मला फार विचार करायला लावतो. नक्षी कमजोर होत असतानाच अतिवाहकता का माघार घेते? दाबाखाली नक्षी आधी आपलं रूप बदलते आणि मग जाते, असा अंदाज मला पटतो.

७७ केल्विन हे द्रव नायट्रोजनचं तापमान आपल्या जिल्ह्यात नवलाचं नाही. गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनची ॲल्युमिनियमची पिंपं असतात, आणि महाविद्यालयात अतिवाहकाचा प्रयोग दाखवायचा तर आम्हीही असाच थोडा नायट्रोजन मिळवतो. सिरॅमिकच्या काळ्या चकतीवर तो ओततो, वर ठेवलेलं चुंबक अधांतरी उभं राहतं, मुलं टाळ्या वाजवतात. कागोमेची अतिवाहकता अशी दाखवता येणार नाही, तिला द्रव हेलियमहून थंड व्हावं लागतं आणि तो आमच्या आवाक्याबाहेर आहे. पण ९४ केल्विनची ती नक्षी? ती या पिंपातल्या तापमानात येते. सीझियमवाल्या स्फटिकाचा एखादा पापुद्रा, चार बारीक तारा आणि एक चांगला मीटर असला तर रोधाच्या आलेखात ९४ केल्विनला पडणारा बाक सांगलीतल्या महाविद्यालयातही दिसू शकेल. तो स्फटिक वाढवायला आर्गॉन भरलेली बंद पेटी आणि भट्टी लागते, कारण सीझियम हवेत पेट घेतो. आज ते आमच्याकडे नाही. पण अशक्यही नाही, आणि मी या विचाराला चिकटून आहे.

आता वादाकडे येऊ. या नक्षीबद्दल पहिल्यापासून एक शंका होती. ती केवळ प्रभाराची नसून तिच्यात इलेक्ट्रॉनांचे सूक्ष्म वर्तुळाकार प्रवाहही फिरत असावेत. जालकात असे प्रवाह काय करू शकतात याचा विचार डंकन हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये एका प्रारूपात केला होता आणि चंद्रा वर्मा यांनी १९९० च्या दशकात सिरॅमिक अतिवाहकांसाठी. प्रवाह फिरत असेल तर काळाची दिशा उलटी केल्यावर तो उलटा फिरेल, म्हणजे एक सममिती मोडली. व्हॅनेडियमच्या या भावंडांत चुंबकीय क्रम दिसत नाही, म्हणून ही सममिती मोडल्याची खूण सापडली तर ती फार मोलाची.

स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जातीचे पण बरेच जड कण, वापरले गेले. म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो, पदार्थात थांबतो आणि आसपासच्या क्षीण चुंबकीय क्षेत्रात आपला स्पिन, म्हणजे अंगचा छोटा चुंबकी बाण, वळवतो. मरताना तो पॉझिट्रॉन सोडतो, आणि त्याची दिशा पाहून स्पिन किती वळला ते कळतं. पोटॅशियमवाल्यात नक्षी येते त्याच तापमानाखाली म्यूऑनना काहीतरी जाणवतं, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास परावर्तित प्रकाशाचं ध्रुवीकरण (त्याच्या लहरीच्या कंपनाची दिशा) वळलेलं काहींना दिसलं. पण स्टॅनफर्डमध्ये कापिटुलनिक यांच्या गटाने याहून कितीतरी नाजूक उपकरणाने सीझियमवाला स्फटिक तपासला आणि त्यांना काहीच वळण दिसलं नाही. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं. कुणीही उथळ नाही.

अतिवाहकतेचंही तसंच. सुरुवातीच्या काही मोजमापांतून जोडी फोडायला लागणाऱ्या ऊर्जेत काही दिशांना शून्य जागा असाव्यात असं वाटलं. पुढे चुंबकीय क्षेत्र स्फटिकात किती खोल शिरतं ते मोजलं, प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून पाहिले, आणि अशी शून्य जागा सापडेना. २०२३ मध्ये तर स्फटिकावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून मुद्दाम दोष पाडले. जोडीच्या लहरीचं चिन्ह बदलत असतं तर त्या दोषांनी अतिवाहकता झपाट्याने खचली असती. ती टिकली. माझं मत विचाराल तर सीझियमवाल्यातली जोडी वाटली होती त्यापेक्षा साधी आहे. असाधारण आहे ती नक्षी, ज्यातून ही जोडी उगवते. काही जणांना हे ऐकून थोडं निराश व्हायला होतं. मला नाही होत. एवढ्या गुंतागुंतीच्या घरात साधी जोडी कशी नांदते, हा प्रश्नही तेवढाच कठीण आहे.

आणि मग २०२४ मध्ये हाम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या फिलिप मोल यांच्या गटाचा निबंध आला. त्यांनी विचारलं की मोजमापासाठी आपण स्फटिक चिकटवतो, थंड करतो, आणि खालचा आधार व स्फटिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, तेव्हा स्फटिकाला जो ताण बसतो त्याचं काय? त्यांनी सीझियमवाल्याचा सूक्ष्म तुकडा कापून असा अलगद टांगला की त्यावर जवळजवळ ताणच येऊ नये. आणि दिशेनुसार बदलणारा रोध, ज्यावर इतके निबंध लिहिले गेले होते, तो दिसेनासा झाला. मग थोडासा ताण दिला, किंवा थोडं चुंबकीय क्षेत्र लावलं, की तो परत हजर. म्हणजे हा पदार्थ अगदी काठावर उभा आहे. एका प्रयोगशाळेचा गोंद त्याला एका बाजूला कलवत असेल, दुसरीचा दुसऱ्या. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये विद्या माधवन यांच्या गटाने रुबिडियमवाल्यावर लेझरचा प्रकाश टाकला आणि प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलून नक्षीच्या तीन दिशांमधला बळाचा तोल हलवून दाखवला.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. १९५१ च्या गणितातला तो न ठरवणारा त्रिकोण आणि हा काठावरचा धातू यांना मी एकच म्हणणार नाही, कारण इथे बाण नाहीत, वाहते इलेक्ट्रॉन आहेत. तरी नातं आहे. बरोबरीच्या अनेक शक्यता एका जागी आणून ठेवायच्या आणि त्यांच्यातला फरक जवळजवळ पुसून टाकायचा, हे या मांडणीचं काम. मग बारीकशा धक्क्याने निकाल बदलतो. निकाल जुळत नाहीत याला आपण प्रयोगाचा दोष समजत होतो. त्यातला निदान काही भाग पदार्थाचा स्वभावच निघाला. सगळे वाद यातून मिटलेले नाहीत. म्यूऑनना काय जाणवतं, ते अजून नीट बसत नाही.

पुढची पायरीही टाकली गेली आहे. व्हॅनेडियमच्या जागी क्रोमियम घातलेला त्याच घाटाचा सीझियमवाला पदार्थ २०२४ मध्ये समोर आला. तो एरवी अतिवाहक नाही, पण साधारण ४ गिगापास्कल दाबाखाली ६ केल्विनच्या थोडं वर होतो. व्हॅनेडियमच्या भावंडांत इलेक्ट्रॉनांची वर्दळ असते त्या ऊर्जेपासून बराच दूर राहिलेला सपाट पट्टा क्रोमियममध्ये जवळ येतो, आणि तिथे चुंबकत्वाच्या खुणाही आहेत. अपारंपरिक जोडी कुठे सापडायची असेल तर मी आता इथे पाहीन.

यंदा आमच्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी कागोमे जाळी घेतली. तीन गट, म्हणून तीन बाय तीनचं कोष्टक. संगणकावर ते सोडवून आलेख काढला आणि सपाट पट्टा रेघेसारखा आडवा आला. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "मॅडम, इलेक्ट्रॉनला जवळच्या शेजाऱ्यापलीकडच्या अणूवर उडी मारू दिली तर?" तिने ती उडी पहिल्या उडीच्या दहाव्या भागाएवढी ठेवली. पट्टा वाकला. षटकोनातली ती अधिक-उणेची बेरीज आता सगळीकडे शून्य होत नव्हती, आणि ती कुठे बिघडते ते तिने फळ्यावर स्वतः काढून दाखवलं. आता दोघी प्रत्येक व्हॅनेडियमच्या पाचही डी-कक्षा (अणूभोवती इलेक्ट्रॉन राहू शकेल अशा जागा) घालायच्या मागे आहेत. म्हणजे कोष्टक पंधरा बाय पंधराचं होणार. त्यात अँटिमनीचे इलेक्ट्रॉन अजून धरलेले नाहीत, आणि मोजमापं सांगतात की ते सोडून चालणार नाही.